गाळ जातो कुठे?

आम्ही खारेपाटातली माणसं. एका अंगाला धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मधे मातीचा बांध. उधाणाला बांधाला खांड गेली की खारं पाणी शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. तो बांध आम्ही खाडीच्याच चिखलानं बांधतो. पण हातानं, ओहोटी बघून, पावसाळ्याआधी.

आता मोठ्या बोटींना वाट हवी म्हणून यंत्रानं खाडीचा तळ उपसतात. त्याला ड्रेजिंग म्हणतात. "गाळ काढला तर चांगलंच की," असं पाहुणे म्हणतात. पण खाडी म्हणजे विहीर नव्हे. तिचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. ढवळलेला गाळ भरतीबरोबर आत येतो, तिसऱ्यांवर बसतो, माशांच्या कल्ल्यांत अडकतो, उघाडीच्या तोंडाशी साचतो. उघाडी तुंबली की पावसाचं पाणी शेतातून निघायचं कुठून?

आणि आमचा जिताडा? तो खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात पिल्लं वर येतात, तीच धरून आम्ही तळ्यात सोडतो. नेमकं तेव्हाच पाणी गढूळ केलं, तर तळी रिकामीच राहायची.

मागे जनसुनावणी झाली. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे निदान 30 दिवस आधी सूचना निघते, अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. मी दहावी शिकलेला. दोनदा वाचून गेलो. साहेब म्हणाले, गाळ पसरू नये म्हणून पाण्यात पडदा लावू. वर तरंगते, खाली वजन, मधे कापड. मी विचारलं, "साहेब, उधाणाच्या ओढीत तो पडदा जागेवर राहतो का?" साहेब कागद चाळायला लागले. मागून एक कोळीदादा म्हणाले, "बरा इचारलास, नाना!"

मग सगळंच मांडलं. ओढ जोरात असेल तेव्हा यंत्र थांबवा. जून ते ऑगस्ट उपसा नको. काढलेला गाळ आधी तपासा, कारखान्यांचं पाणी त्यानं पोटात घेतलंय. कांदळवनात नि शेतात टाकू नका. पाण्याचा गढूळपणा रोज मोजा आणि आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावा.

इतिवृत्तात माझे प्रश्न छापून आले, उत्तरं नाही आली. काम झालं, फळा कोराच राहिला.

बोटींना वाट हवी, कबूल. आमचीच पोरं बंदरात नोकरीला आहेत. पण खाडी त्यांची तशी जिताड्याची आणि भाताचीही. आता नवी सूचना लागली आहे. सारांशाच्या दहा प्रती काढून मी घरोघर दिल्यात.