मोसंबीखालची माती
अंबडकडच्या मोसंबीच्या बागेतून आज काळी माती आणली, वरचा पालापाचोळा खरवडून, मुळांलगतची. पहिल्या पावसाचा वास मुख्यतः हिच्यातल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूचा. कितीतरी प्रतिजैविकंही त्याचीच. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिनापासून बुरशीनाशक हॅमायसिन मिळवलं. प्रयोगशाळेत ही माती ताटलीत पेरली की त्याची खडूसारखी कोरडी, करडी वसाहत उगवते. भोवती स्वच्छ कडं, बुरशी तिकडे फिरकत नाही. तेवढ्यावर हुरळून जाऊ नये. बहुतेकदा जुनंच रसायन पुन्हा हाती लागतं, आणि ते ओळखून बाजूला काढण्यातच जीव मेटाकुटीला येतो. बागवानाचा सवाल सरळ, “ताई, झाडाच्या डिंक्या रोगावर चालंल का हे?” रास्तच आहे. पिंपरीचंच ऑरिओफंजिन पिकांच्या बुरशीवर वापरलं गेलं होतं की!