येताना अडतं की जाताना?

भोकरदनमध्ये 2001च्या सुमाराला इंटरनेट अडलं की सगळे फोनच्या लाइनवर खापर फोडायचे. मी शिकवायचो त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जुन्या 486 मशीनवर लिनक्स होतं. त्याला बाहेरचा मोडेम जोडून बाकीच्या कॉम्प्युटरना नेट दिलेलं. मेल जायचे, छोटी पानं उघडायची. मोठी फाइल उतरवायला घेतली की मात्र ती मध्येच अडायची. “लाइनमनला बोलवा,” क्लासचे सर म्हणाले.

मला ते पटेना. मोडेम 28800ला जोडला जायचा आणि जोडणी टिकायचीही. शिवाय मोडेममधली व्ही.42 ही चूक-दुरुस्ती चालू असेल तर तारेवरच्या खरखरीने बिघडलेला तुकडा दोन्ही टोकांचे मोडेम आपसातच पुन्हा मागवून घेतात. वेग पडतो, पण कॉम्प्युटरकडे चुकीचा बाइट सहसा येत नाही. इथे तर लिनक्सच्या आयएफकॉन्फिग या कमांडमध्ये येणाऱ्या पॅकेटमधल्या चुका वाढत होत्या, आणि मोठ्या फाइली पाठवताना काहीच अडत नव्हतं. म्हणजे गळती मोडेमच्या अलीकडे, आमच्याच मशीनच्या दारात होती.

मोडेम जोडलेल्या सिरियल पोर्टची चिप पाहायला सेटसिरियल ही कमांड चालवली. चिप निघाली 16450. ती आलेला एकच बाइट धरून ठेवते. पोर्टचा वेग होता 115200, म्हणजे साधारण दर 87 मायक्रोसेकंदांनी नवा बाइट. लाइन हळू असली तरी मोडेम साठलेला तुकडा याच वेगाने एकदम ओततो. नेमका तेव्हा प्रोसेसर हार्डडिस्कच्या कामात अडकला की न उचललेला बाइट जातो. पोर्टच्या ओव्हररनचा, म्हणजे असे बाइट हुकल्याचा, आकडा डाउनलोडच्याच वेळी वाढत होता. मोडेमला थांबवणारं आरटीएस-सीटीएस चालू होतं, पण ‘थांब’ म्हणायलाही प्रोसेसरला सवड हवी ना!

आधी पोर्ट 38400वर आणला. एचडीपार्म या कमांडने डिस्कचं काम चालू असतानाही इतर इंटरप्ट घेण्याची मुभा दिली. फाइल पूर्ण उतरली. पुढे औरंगाबादहून 16550ए चिपचं कार्ड आणलं. तिच्यात 16 बाइट मावतात, त्यामुळे प्रोसेसरला उसंत मिळाली आणि पोर्ट पुन्हा 115200वर नेता आला.

लाइनमनला निरोप गेलाच नाही. त्यानंतर कुणी नेटचं रडगाणं घेऊन आलं की मी पहिल्यांदा विचारायचो, “येताना अडतं की जाताना?” एवढ्यावर निम्मी शोधाशोध वाचायची.