वडिलांच्या मागून

ऑक्टोबरातली पहाट, कोलोरॅडोतले रॉकी पर्वत. शिकारीच्या नियमानुसार भडक नारिंगी जाकीट घालून मुलगा वडिलांच्या मागून चालतो आहे. गंमत म्हणजे हा रंग माणसांना दुरून दिसतो, एल्क हरणाला मात्र फारसा कळत नाही. वारा कुठून येतोय ते वडील बोटाने दाखवतात. घरी ज्यांचं पटत नाही असे बापलेकही इथे निमूटपणे एकमेकांचं ऐकत असावेत.

गोळी लागते.

समोर तीनशे किलोंचा नर, अंगाची ऊब अजून तशीच. अभिमान वाटतोय की अपराधी, हे मुलाला ठरवता येत नाही. वडीलही विचारत नाहीत. ते सुरी काढतात. खाण्याजोगं मांस वाया घालवणं इथे गुन्हा आहे आणि ते पाठीवरून गाडीपर्यंत न्यायला फेऱ्यांवर फेऱ्या होतात. शिकारीचा खरा भाग बहुधा हाच. वरच्या जबड्यातले हस्तिदंतासारखे दोन सुळे बरेच शिकारी आठवण म्हणून जपतात. या दोघांत एकेक वाटून घेता येईल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळपास संपले होते. वायोमिंगहून आणून सोडावे लागले. आज ते अडीच लाखांहून अधिक आहेत. अमेरिकेच्या १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, त्याचाही यात वाटा आहे. भारताने मात्र १९७२च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला. तरी एल्कचे नातलग असलेले काश्मीरचे हांगुळ आज काहीशेच उरले आहेत.