जुनी इंदूर, सायकल आणि सीटचं दुखणं

होळकरांचा राजवाडा उभा राहण्याआधी इंदूर होतं ते नदीकाठच्या या वस्तीत. जमीनदारांचा रावला, शनिमंदिर आणि एकमेकांत शिरणाऱ्या गल्ल्या म्हणजे जुनी इंदूर. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला शहराचा अहवाल दिला. जुन्या वस्त्या पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याऐवजी थोडी थोडी दुरुस्ती करून त्या राखाव्यात, असं त्यांचं मत होतं. या गल्ल्यांमध्ये आज कार अडकते, स्कूटर हॉर्न वाजवत उभी राहते आणि सायकल मात्र कडेने निघून जाते.

म्हणूनच इथून ऑफिसला सायकलने जायचं आमच्या पिढीतले बरेच जण ठरवतात. हाथीपाला, छावणी, मधुमिलन, रीगल आणि पुढे पलासिया. अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. पण आठवड्याभरात सायकल जिन्याखाली जाते. दम लागला किंवा पाय दुखले म्हणून नाही, तर बूड दुखलं म्हणून. हे घरात सांगायलाही संकोच वाटतो, त्यामुळे उपाय कोणी विचारत नाही आणि ‘आपल्याला जमत नाही’ असं ठरवून सगळे मोकळे होतात.

खरं तर दोष बहुतेक वेळा आपला नसून सीटच्या मापाचा असतो. बसताना आपलं वजन कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर यायला हवं. सीट इतपत रुंद हवी की ती दोन्ही हाडं तिच्यावर नीट टेकतील. ताठ बसून चालवायच्या सायकलला सीट थोडी रुंद लागते, पुढे वाकून चालवायच्या सायकलला अरुंद. दुखलं की आपण लगेच जाड जेलचं कव्हर आणतो. पण फार मऊ गादीत हाडं रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. त्यापेक्षा थोडी कडक, पण मापाची सीट बरी.

मग उंची. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर पायांवर यायचं वजनही बुडावर येतं. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि कातडी घासते. सीट जमिनीला समांतर ठेवून सुरुवात करा. पुढचं टोक वर असेल तर दुखणं ठरलेलंच. हे सगळं एका पान्याचं काम आहे.

बाकीचं रस्ता शिकवतो. गल्लीत दर थोड्या अंतरावर नालीचं झाकण किंवा स्पीडब्रेकर येतो. तिथे दोन्ही पेडल समान उंचीवर आणून बूड जरा उचलायचं, म्हणजे धक्का गुडघे झेलतात. मधुमिलन किंवा रीगलच्या सिग्नलला सीटवरून उतरून उभं राहायचं. तेवढ्यात रक्तप्रवाह सुरळीत होतो. टायरवर छापलेला हवेचा मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो. हवा त्याच्या थोडी खाली ठेवली तर खडबडीत रस्ता कमी बोचतो. जीन्सची जाड शिवण नेमकी बसायच्या जागी येते, म्हणून साधी सुती पँट घालावी आणि जीन्स बॅगेत न्यावी. मे महिन्यातल्या घामात हे विशेष लक्षात ठेवायचं.

पहिले दोन-तीन आठवडे हाडांच्या जागी थोडं ठणकणारच, त्या भागाला सवय नसते. एक दिवस आड चालवा. पण बधिरपणा किंवा मुंग्या येणं म्हणजे सवय होणं नव्हे. तो नसांवरचा दाब आहे. लगेच थांबून उभं राहायचं आणि सीटची उंची, कल, रुंदी पुन्हा तपासायची. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

मालवा मिल, हुकुमचंद मिल सुरू होत्या तेव्हा कित्येक कामगार रोज सायकलवरच पाळीला जात. त्यांची सायकल जड होती. पण बैठक ताठ आणि सीट रुंद, खाली स्प्रिंगा असलेली. जिन्याखाली सायकल पडून असेल तर या रविवारी पोह्यांच्या आधी सीट नीट करून घ्या आणि राजवाड्यापर्यंत एक फेरी मारा. सोमवारी ऑफिस तेवढं लांब वाटणार नाही.