श्रीवर्धनची वाडी आणि विहिरीचं पाणी

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करीत श्रीवर्धनला जाणारा रस्ता मोठा वळणांचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी! पण शेवटचा उतार संपून खारा वारा अंगावर आला की सारा शीण पळतो. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं हे मूळ गाव. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, लांबलचक किनारा, जवळच हरिहरेश्वर. हे सगळे बघतातच. आपण बायकांनी मुद्दाम बघावी ती इथली वाडी.

वाडी म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग. नावाजलेली श्रीवर्धनी रोठा सुपारी अशाच वाड्यांतली. या वाडीचा जीव असतो विहिरीत. स्वयंपाक, धुणं, न्हाणीघर, झाडं, सगळ्यांची तहान तीच भागवते. पूर्वी रहाट होते. पंप आले, बटण दाबलं की पाणी येऊ लागलं, आणि बरेच रहाट अडगळीत गेले.

मग ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा! पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले. टाळेबंदी चालूच होती आणि वटपौर्णिमा दोन दिवसांवर. किती तरी गावांत वीज परत यायला आठवडे लागले. विहिरीत पाणी होतं, घरात नव्हतं. मग दोर, कळशी आणि बायकांचे हात! “वहिनी, तळहाताची सालं निघाली हो,” माझी चुलत नणंद सांगत होती. तिच्या घरात सात माणसं.

पुढे तिच्या छपरावर सौर पॅनेलं बसली. आता चिंता मिटली असं घरच्यांना वाटलं. पण एके दिवशी लाईन गेली आणि लख्ख ऊन असताना पंप बंद! तुम्ही म्हणाल, हे कसं? तर विजेच्या लाईनला जोडलेली साधी सौर यंत्रणा लाईन गेली की आपणहून बंद होते. नाहीतर छपरावरची वीज उलट तारांत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेमुळे शहरांतही अशी पॅनेलं दिसू लागली आहेत. तेव्हा ही गोष्ट आपणही लक्षात ठेवायला हवी.

यावर उपाय दोन. एक, बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर. मात्र एक अश्वशक्तीचा पंप म्हणजे ७४६ वॅट, आणि सुरू होताना तो त्याच्या कितीतरी पट जोर मागतो. घरातल्या दिव्या-पंख्यांच्या इन्व्हर्टरला तो झेपत नाही. माहितगाराकडून हिशोब करून घ्यावा. दुसरा उपाय नणंदेने केला. विहिरीसाठी निराळा सौर पंप, त्याची पॅनेलं वेगळी, लाईनशी संबंधच नाही. ऊन असेल तेव्हा पंप गच्चीवरची टाकी भरतो आणि टाकीतलं पाणी उतारानं नळाला येतं. बॅटरीचा खर्च नाही. टाकी हीच बॅटरी! माणशी रोजचं १३५ लिटर धरलं तर सात जणांना ९४५ लिटर लागतं. तिनं दोन हजार लिटरची टाकी घेतली, म्हणजे दोन दिवसांची बेगमी.

पावसाळ्यात आभाळ भरलं की पंपाचा जोर ओसरतो. म्हणून तिचा शिरस्ता असा: उघडीप दिसली की आधी टाकी, मग बाकीची कामं. वादळाची सूचना आली की टाकी, पिंपं, हंडे भरून ठेवायचे आणि पॅनेलांचे नटबोल्ट तपासून घ्यायचे. खाऱ्या वाऱ्यानं काचेवर थर बसतो. तो सकाळी गार वेळी साध्या पाण्यानं धुवायचा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकायची भीती.

आणि हो, तिनं विहिरीवर रहाटही पुन्हा बसवून घेतलाय. “यंत्राचं काय, आज आहे, उद्या रुसेल,” ती म्हणते. श्रीवर्धनला गेलात तर सुपारी आणाच. पण एखाद्या वाडीत, घरच्यांना विचारून, विहिरीपाशीही थोडं थांबा. घरात पाणी कुठून येतं आणि लाईन गेल्यावर ते कसं यायचं, हे घरच्या बाईला ठाऊक असलंच पाहिजे. कारण पाणी थांबलं की कळशी शेवटी तिच्याच कमरेवर येते.