एका ओळीचें पत्र

आमचें पिशोर कन्नड तालुक्यांतलें. अंजना नदीचा कांठ, सभोंवार मक्याचीं व अद्रकीचीं शेतें, आणि गांवांत आमचें जुनें, ऐसपैस घर. घरांत माझी वृद्ध मातोश्री, आम्ही दोघे बंधू, आमच्या बायका व धाकट्या बंधूचीं मुलें इतकीं माणसें नांदतात. देवघरांतील पूजा एक दिवसहि चुकत नाहीं. आणि याच घरचा थोरला मुलगा, माझा एकुलता एक चिरंजीव, ख्रिस्ती आहे. हें वाक्य इतक्या सरळपणें लिहावयास मला कित्येक वर्षें लागलीं.

सन 2016 मध्यें तो पुण्यास नोकरीवर असतांना त्याचें पत्र आलें. बाप्तिस्मा घेऊन आठ दिवस होऊन गेले होते. पत्र चार पानांचें, विनयाचें होतें; परंतु मीं तें पहिल्या पानापुढें वाचलें नाहीं. उत्तर त्याच दिवशीं टाकलें, एका ओळीचें: “या घराचा व तुझा संबंध संपला.” तीस वर्षें मीं मुलांना निबंध शिकविले, थोडक्यांत लिहावें हें मीच सांगत असें.

त्यानंतर चार वर्षें त्याचें नांव माझ्यासमक्ष कोणी काढलें नाहीं. त्याच्या आईचें त्याच्याशीं मोबाईलवर बोलणें होत असे, तें मागील परसांत. मी समोर आलों कीं ती भाजी निवडूं लागे. आपला अपमान झाला, आपण फसविले गेलों, ही भावना मीं इतक्या निगुतीनें जपली कीं तिच्यांत एक प्रकारचें सुखहि वाटूं लागलें होतें.

पुढें 2020 सालीं टाळेबंदी आली. गांवांत येणें-जाणें थांबलें आणि संध्याकाळ मोठी झाली. माझी पत्नी सासूबाईंना लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचून दाखवूं लागली. हें पुस्तक तिनें मुद्दाम निवडलें कीं काय, तें मीं तिला आजवर विचारलें नाहीं. मी झोपाळ्यावर वर्तमानपत्र उघडून बसत असें; पण पान उलटत नसे.

वाचकांना ही कथा नवी नाहीं. नारायण वामन टिळक हे कोंकणांतील चित्पावन घराण्यांतले. वडील अतिशय तापट. आई गेल्यावर लहान वयांतच मुलानें घर सोडलें आणि नाशिकची वाट धरली. पुढें 10 फेब्रुवारी 1895 रोजीं याच टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तोहि पत्नीला आधीं न कळवितां. मुलगा दत्तू तेव्हां चार वर्षांचाहि नव्हता. लक्ष्मीबाई त्याला घेऊन पंढरपुरास आप्तांच्या आश्रयानें राहिल्या. टिळकांचा हा दोष मला तेव्हांहि डांचला व आजहि डांचतो. ते मोठे कवि असतील; परंतु बायकोला वार्ता मागाहून कळावी, हें मला रुचत नाहीं.

मात्र एक गोष्ट ऐकतांना माझें वर्तमानपत्र खालीं आलें. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या तेव्हां त्यांचें मत पालटलेलें नव्हतें. आपलें सोवळें-ओवळें संभाळूनच त्या गेल्या. 1900 सालचा त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा हा मागाहूनचा. म्हणजे आधीं घर सांधलें; पटणें न पटणें पुढें होत राहिलें. मी तर चार वर्षें याच्या उलट क्रमानें वाट पाहत होतों.

टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें म्हणत, हें पत्नीनें सांगितलें तेव्हां आई जपमाळ थांबवून म्हणाली, “पूल आहे ना? मग त्यावरून अलीकडेहि येतां येत असेल.” नंतर कोणी कांहीं बोललें नाहीं.

त्या रात्रीं मीं दुसरें पत्र लिहिलें. तेंहि एका ओळीचें: “तुझी आई वाट पाहते, येऊन जा.” सकाळीं पत्नीला दाखविलें. ती म्हणाली, “मी तर रोज बोलतें त्याच्याशीं. वाट आपण पाहतां आहांत, तसें लिहावें.” मीं तें फाडलें आणि तसें लिहिलें. कागदावर तितकेंच शब्द, पण पहाट झाली.

वाहनें सुरू झाल्यावर तो आला. आजीच्या पायां पडला, मला नमस्कार केला आणि ओसरीवर बसला. रात्रीं सर्व निजल्यावर तो म्हणाला, “अण्णा, आमच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे कीं देवापुढें दान आणलें असतां आपल्या माणसाचें मन आपल्याविषयीं दुखावलें आहे असें आठवलें, तर दान तेथेंच ठेवावें आणि आधीं जाऊन समेट करावा. चार वर्षें दर रविवारीं मला तुम्ही आठवत होतां, आणि तरीहि मी दान ठेवून घरीं येत नव्हतों. ख्रिस्ती झालों याची मी क्षमा मागत नाहीं. तुम्हांला आधीं सांगण्याचा धीर केला नाहीं, त्याची मागतों.”

दार मीं लावलें होतें आणि क्षमा तो मागत होता. मला उत्तर सुचेना. शेवटीं विचारलें, “माझें तें पत्र आहे का अजून?” तो म्हणाला, “फाडलें नाहीं. पण बरोबर आणलेंहि नाहीं.”

सगळें सुरळीत झालें असें मात्र नाहीं. माझ्यामागें श्राद्धपक्ष कोणी करावा, हा प्रश्न आहे तेथेंच आहे. बहुधा पुतण्या करील. गणपतींत तो आला तर आरतीच्या वेळीं ओसरीवर बसतो. मला तें अजूनहि बोंचतें, आणि मला बोंचतें हें त्याला कळतें. जेवणापूर्वीं तो डोळे मिटून क्षणभर थांबतो, तेव्हां पंक्तींतलीं लहान मुलेंहि थांबतात. आई त्यांना कांहीं म्हणत नाहीं.

‘स्मृतिचित्रें’ कशीं लिहिलीं गेलीं, तें त्यालाहि ठाऊक होतें. देवदत्तानें वडिलांचें चरित्र लिहावयास घेतलें आणि आईला आठवणी लिहून मागितल्या, त्यांतून तें पुस्तक झालें. गेल्या दिवाळींत त्यानें माझ्यापुढें एक जाड वही ठेवली. “आजोबांविषयीं लिहा, आणि आपल्याविषयींहि.” सोळा पानें झालीं आहेत. 2016 हें साल आतां जवळ आलें आहे, आणि ती एक ओळ जशीच्या तशी उतरवावी कीं नाहीं, यावर चार दिवस लेखणी अडून आहे.