सात पूल आणि न उचललेली पेन्सिल



एक चौकोन काढा. आत दोन्ही कर्ण ओढा. आता हीच आकृती पेन्सिल न उचलता, एकही रेघ पुन्हा न गिरवता काढून दाखव, असे कोडे शाळेत मधल्या सुट्टीत मुले एकमेकांना घालतात. ज्याला जमत नाही त्याला ‘ढ’ म्हणून चिडवतात. ते पोर घरी येऊन वहीची पाने खराब करीत बसते.

या कोड्याचे मूळ पाहायला बाल्टिक समुद्राकडे जावे लागेल. तिकिटाची गरज नाही, वही जवळ ठेवा. पोलंड आणि लिथुआनिया यांच्यामध्ये रशियाचा एक तुटक प्रदेश आहे. त्याचे मुख्य शहर कालिनिनग्राड. १९४६ पूर्वी त्याचे नाव कोनिग्सबर्ग होते आणि वस्ती जर्मनांची होती. शहरातून प्रेगेल नदी वाहते. मध्ये एक बेट, पूर्वेला नदीच्या दोन फाट्यांमधला भाग, शिवाय उत्तर व दक्षिण तीर. जमिनीचे असे चार तुकडे सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन सातही पूल फिरता येतील का, हा तिथला जुना प्रश्न. कोणाला जमले नव्हते. पण जमणारच नाही हेही कोणी सिद्ध केले नव्हते.

लिओनार्ड ऑयलर हा गणिती तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता. १७३५ साली त्याने तिथल्या अकादमीपुढे उत्तर मांडले. सगळे हरले म्हणून ‘अशक्य’, असे म्हणून तो थांबला नाही. केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना बजावले होते. कारण शोधावे लागते.

ते कारण आपल्या आयाबहिणींनाही पटेल इतके सोपे आहे. एखाद्या तुकड्यावर एका पुलाने आलात तर दुसऱ्याने बाहेर पडावे लागते. म्हणजे पुलांच्या जोड्या लागतात. जिथे पूल विषम तिथे एक उरतोच. तेव्हा ती जागा फेरीची सुरुवात तरी असेल, नाहीतर शेवट. अशा जागा फार तर दोन चालतील. कोनिग्सबर्गला बेटावर पाच पूल आणि बाकी तिन्ही तुकड्यांवर तीन-तीन. चारही विषम! फिरणाऱ्याची अक्कल कमी नव्हती, पुलांची मांडणीच तशी होती. याला गणिताची फारशी गरज नाही, विचार पुरेसा आहे, असे ऑयलरने स्वतःच एका पत्रात लिहिले. यातूनच पुढे ग्राफ थिअरी हे शास्त्र उभे राहिले.

आता आपला चौकोन घ्या. प्रत्येक कोपऱ्यात तीन रेघा येतात. कोपरे चार, चारही विषम. त्या पोराला ‘ढ’ म्हणणाऱ्यालाही ते जन्मात जमणार नाही. पण चौकोनावर दोन तिरक्या रेघांचे छप्पर घाला. वरच्या कोपऱ्यांत चार-चार रेघा झाल्या, शेंड्याला दोन. विषम फक्त खालचे दोन उरले. खालच्या एका कोपऱ्यातून निघा, दुसऱ्यात पोहोचाल.

त्या बेटावर कॅथेड्रलला लागून तत्त्वज्ञ कांट यांची समाधी आहे. ऑयलरने उत्तर मांडले तेव्हा कांट याच शहरात अकरा वर्षांचे होते. वडील घोड्यांचा चामडी साज करणारे कारागीर. तिकडे त्या कामाचा विटाळ नव्हता. मुलगा पुढे याच शहराच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला.

दुसऱ्या महायुद्धात सातांपैकी दोन पूल बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाले. सोव्हिएत काळात आणखी दोन पाडून त्यांच्या जागी बेटावरून जाणारा एक मोठा पूल बांधला. बेटाच्या दोन्ही बाजूंना तो दोन पुलांचे काम करतो. जुन्या सात जागांपुरते बोलायचे तर आता पाच वाटा उरल्या. दोन्ही तीरांवर दोन-दोन, बेटावर तीन, पूर्वेच्या भागावर तीन. विषम दोनच! बेटावरून निघा, मोठ्या पुलाने उत्तर तीर गाठा, तिथून पूर्वेच्या भागात, मग दक्षिण तीरावर, पुन्हा मोठ्या पुलाने बेटावर, आणि उरलेल्या पुलाने पूर्वेला. पाचही झाले. वहीत काढून पाहा.